आराम कर म्हणता, मग भाकऱ्या कोण थापणार?

एका हायस्कूल शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ५१, गाव तालुक्याचं, विषय गणित. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या १४ लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या, मग आठ केमो, त्यातल्या पहिल्या चार लाल औषधाच्या, आणि शेवटी रेडिएशन. हे सगळं संपून १४ महिने झाले. आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी, एक गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत, केस परत आलेत, भेटणारे म्हणतात, "अगदी पूर्वीसारख्या दिसता." पण अंगात त्राण नाही. सकाळी उठतानाच थकवा असतो, बोटं आणि गुडघे आखडलेले असतात. तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात जड होतो. मार्क भरताना रोल नंबर चुकतात, हे पूर्वी कधी झालं नव्हतं. संध्याकाळी उजव्या हातातली बांगडी घट्ट वाटते.

घरी नवरा आणि सासूबाई, मुलगा पुण्यात नोकरीला. घरचे म्हणतात दगदग करू नकोस, आराम कर, जमलं तर स्वेच्छानिवृत्ती घे. सासूबाईंच्या मते फार चाललं की रक्त ढवळतं आणि आजार उठतो. शाळेतली मैत्रीण म्हणते, रोज दहा हजार पावलं चाल, ठणठणीत होशील. तिचं ऐकून ताई एका रविवारी तासभर चालल्या आणि सोमवार-मंगळवार रजा टाकून झोपून राहिल्या. त्या विचारतात: "हा थकवा म्हणजे आजार परत येतोय का? की मीच आळशी झालेय? विश्रांती घ्यायची की व्यायाम करायचा? डॉक्टर म्हणाले, थोडं चालत जा. थोडं म्हणजे किती, ते विचारायचं राहून गेलं. आणि पहाटे पाणी भरणं, डबे, रात्रीच्या भाकऱ्या, रविवारी आठवड्याचे कपडे हे मी करतेच. तेवढा व्यायाम पुरत नाही का?"

ताई,

गणिताच्या बाई आहात, तेव्हा हिशोबानेच बोलू. पण त्याआधी बांगडीचं सांगते, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मी मात्र तिथेच अडले.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातला पातळ द्रव परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. काही जणींच्या हातात तो साचू लागतो. त्याला लिम्फेडेमा म्हणतात. सुरुवातीला डोळ्यांना काही दिसत नाही. बांगडी घट्ट होते, ब्लाउजची बाही एकाच बाजूला काचते, अंगठीचा वळ राहतो, हात भरल्यासारखा वाटतो. तुमचा हात तिसऱ्या तासाला जड होतो तो नुसत्या थकव्याने की या सुरुवातीच्या सुजेने, हे पत्रावरून सांगता येणार नाही. ते तपासून घ्या, आणि पुढच्या फॉलो-अपची वाट न बघता या आठवड्यातच. शिंप्याची टेप घ्या. दोन्ही हातांचा घेर मनगटाजवळ, कोपराच्या १० सेंटिमीटर खाली आणि १० सेंटिमीटर वर मोजून वहीत लिहा, आणि ती वही ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना किंवा कॅन्सरच्या रुग्णांचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. या टप्प्यावर दाबाची बाही, विशिष्ट मसाज आणि व्यायाम यांनी सूज बरीच आटोक्यात राहते. उशीर झाला की हात कडक होत जातो आणि मग जड जातं. हात अचानक लाल झाला, तापला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आता तुमचा आळशीपणा. तुम्ही पहाटे उठता, पाणी भरता, डबे करता, तीस-चाळीस मुलांसमोर उभं राहून बीजगणित शिकवता, घरी येऊन भाकऱ्या थापता आणि मला विचारता की मी आळशी झालेय का! थकवा येणं हा स्वभावाचा दोष नाही. कॅन्सरच्या उपचारांनंतरचा हा थकवा डॉक्टरी पुस्तकांत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. त्याची ओळख अशी, की केलेल्या कामाच्या मानाने तो कितीतरी जास्त असतो आणि झोपून उठल्यावरही जात नाही. शरीर तर दमतंच, डोकंही दमतं. तुमचे रोल नंबर चुकतात ते याच खात्यात जमा करा. उपचार संपल्यावर बऱ्याच जणींचा तो काही महिन्यांत ओसरतो. पण साधारण चौघींमध्ये एकीला, काही पाहण्यांनुसार तिघींमध्ये एकीला, तो पुढे कित्येक वर्षं सोडत नाही. तेव्हा १४ महिने झाले तरी गेला नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं समजू नका.

त्यामागे एकच कारण नसतं. उपचारांमुळे शरीरात जी दाहाची प्रक्रिया सुरू होते ती काहींच्या बाबतीत पूर्ण शांत होत नाही. केमोच्या महिन्यांत पडून राहिल्याने पायाचे स्नायू गळतात. त्यानंतर तेच काम करायला जास्त जोर लागतो, जास्त जोर लागला की जास्त दम लागतो, म्हणून माणूस आणखी पडून राहतो आणि स्नायू आणखी गळतात. रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होते, गोळीने सांधे धरतात, आणि मनावरचं ओझं तर कुणी मोजतच नाही.

यातली काही कारणं साध्या तपासण्यांत सापडतात आणि साध्या उपायांनी जातात. म्हणून व्यायामाच्या आधी ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, डी जीवनसत्त्व, रक्तदाब. गळ्याच्या खालच्या भागालाही रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड मंदावू शकते, आणि मंदावलेल्या थायरॉइडचा थकवा हुबेहूब असाच असतो. तुम्हाला लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिनसारखं, दिलं होतं. ते हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं. जिना चढताना दम लागत असेल, पायावर सूज येत असेल, रात्री सपाट झोपता येत नसेल, तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला सांगा. लेट्रोझोलमुळे हाडांची घनता कमी होते, म्हणून हाडांची तपासणी झाली आहे का तेही विचारा. "रिपोर्ट चांगले आहेत" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा कॅन्सरचे रिपोर्ट म्हणायचे असतात. हिमोग्लोबिन त्यात पाहिलेलं असेलच असं नाही. आणि आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या, गव्हांकुराचा रस, अश्वगंधा, कुणीतरी दिलेला काढा यांतलं काहीही सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

आजार परत येतोय का, ही धास्ती मी झटकून टाकणार नाही. ती प्रत्येकीला असते आणि फॉलो-अपच्या आठवड्यात जास्तच असते. पण उपचार संपल्यापासून सतत असलेला, कमी-जास्त होणारा थकवा एवढं एकच लक्षण असेल तर तो बहुतेक वेळा उपचारांचा मागे राहिलेला परिणाम असतो. एकाच जागी हाड दुखत राहणं आणि रात्री ते वाढणं, विनाकारण वजन उतरणं, न थांबणारा खोकला किंवा धाप, नवी गाठ, यांपैकी काही असेल तर लगेच दाखवायचं. सांधे सकाळी आखडतात आणि हालचाल सुरू झाल्यावर मोकळे होतात, हे वर्णन लेट्रोझोलच्या सांधेदुखीशी जुळतं. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि व्यायामाने आजार उठत नाही. नियमित चालणाऱ्या बायकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या पाहण्यांत उलट त्यांचं आयुष्य बरं गेलेलं दिसतं. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी बहुधा आयुष्यात अशी माणसं पाहिली असतील जी या आजारातून उठलीच नाहीत, त्यांची भीती खोटी नाही. पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात बरोबर न्या आणि त्यांच्यादेखत डॉक्टरांना विचारा, "मी चालू ना?" सुनेचं पटणार नाही ते डॉक्टरांचं पटेल.

विश्रांती की व्यायाम? तुमच्या प्रश्नात गृहीत असं आहे की दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत, आणि अंगात ताकद आली की मगच व्यायाम करायचा असतो. या थकव्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. ताकद येण्याची वाट बघत बसलात तर ती येत नाही, थोड्या हालचालीने ती हळूहळू भरते. २०१७ मध्ये अमेरिकेत ११३ चाचण्या, मिळून ११ हजारांवर रुग्ण, यांचा एकत्र हिशोब मांडला गेला. त्यातल्या जवळपास निम्म्या चाचण्या स्तनाच्या कॅन्सर झालेल्या बायकांच्या होत्या. थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार यांचा फायदा जवळजवळ सारखा निघाला, आणि थकवा घालवायच्या औषधांचा त्यामानाने फारच थोडा. म्हणजे टॉनिक लिहून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. समुपदेशकाकडे जाण्यात मात्र आहे. 'वेड लागलंय का मला' म्हणून तो पर्याय खोडू नका.

सांधेदुखीचंही तेच. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे धरलेल्या १२१ बायकांची येल विद्यापीठाने केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, असं वर्षभर करणाऱ्या गटात सर्वांत जास्त दुखण्याचा गुणांक २९ टक्क्यांनी उतरला. दुसऱ्या गटात तो होता तिथेच राहिला, किंचित वाढलाच. बऱ्याच जणी सांधेदुखीला कंटाळून ही गोळी परस्पर बंद करतात. तसं करू नका. गोळी बदलता येते, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

मग त्या रविवारी काय चुकलं? चालणं चुकलं नाही, तास चुकला. सहा महिने शाळा बुडालेल्या मुलाला एकदम बोर्डाच्या पेपरला बसवण्यासारखं ते झालं. आणि दहा हजार पावलं हा आकडाही काही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावात तो होता, तिथून तो जगभर रूढ झाला. मैत्रिणीला सांगा, तिची पावलं तिला लखलाभ.

थोडं म्हणजे किती, तर दहावीला शिकवता ती अंकगणिती श्रेढी इथे लावा. पहिलं पद १०, सामान्य फरक २. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १४. अकराव्या आठवड्यात ३० होतात. वेग असा, की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. वाढवायचं की नाही ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ठरवायचं: आदल्या दिवसाइतकंच बरं वाटत असेल तर पुढचं पद, जास्त गळून गेल्यासारखं वाटत असेल तर मागच्या पदावर आठवडाभर थांबायचं. वाईट दिवशी शून्य करायचं नाही, निम्मं करायचं. ताप, जुलाब, चक्कर असेल त्या दिवशी मात्र शून्यच. खंड पडला तर पुन्हा पहिल्या पदापासून नको, जिथे थांबलात त्याच्या एक-दोन पदं मागून.

जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून २०१९ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी व्यायामाचं जे प्रमाण प्रसिद्ध केलं त्यात थकव्यासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असं आहे, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. बस, निदान एवढं गाठायचं आहे. मॅरेथॉनवाल्यांचे फोटो बघू नका.

कधी चालायचं ते तुमचा थकवा ठरवेल. एक आठवडा वहीत दर तीन तासांनी ० ते १० मध्ये थकव्याचा आकडा लिहा. बहुतेक जणींना दिवसात एखादा बरा पट्टा सापडतोच. तुमच्या बाबतीत माझा अंदाज मधल्या सुट्टीचा आहे, कारण तोवर सांधे मोकळे झालेले असतात आणि शेवटच्या तासांचा थकवा अजून चढलेला नसतो. शाळेचं मैदान आहे, दहा मिनिटं आहेत. मधल्या सुट्टीत जमत नसेल तर शाळा सुटल्यावर मैदानावरच चाला आणि मग घरी जा. घरी जाऊन मग बाहेर पडते म्हणाल तर एकदा उंबरठा ओलांडला की ओटा दिसतो आणि चालणं संपतं. केमोनंतर तळपाय बधिर असतील तर चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाला आणि अंधारात चालू नका, पडायची भीती असते. साडीवर बूट बघून पोरं हसतील. हसू देत, चार दिवसांनी विसरतील.

ताकदीच्या व्यायामाला हात लावताना बायका सगळ्यात जास्त घाबरतात, कारण ऑपरेशननंतर कुणीतरी सांगितलेलं असतं की या हाताने जड उचलायचं नाही. हा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक तज्ज्ञाने स्तनाचा कॅन्सर झालेल्या २४ बायकांना घेऊन ड्रॅगन बोट, म्हणजे लांबलचक होडी, वल्हवायचा घाट घातला. वल्हवणं म्हणजे सगळा भार हातांवर. हात सुजतील असं अनेकांना वाटत होतं. एकीलाही नवी सूज आली नाही. आता जगभर अशा बायकांच्या होड्या पाण्यात उतरतात.

त्यानंतर नीट चाचण्या झाल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत आधीच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. वर्षभर आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजन उचलणाऱ्या गटात सूज वाढली तर नाहीच, उलट सूज उफाळून येण्याचं प्रमाण १४ टक्के राहिलं, वजन न उचलणाऱ्यांत २९ टक्के. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी सूज नसलेल्या, पण यायचा धोका असलेल्या बायकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांचं वेगळं गणित दिलं आहे. तुमच्या १४ काढल्यात, म्हणून हा आकडा तुमच्यासाठी: वजन उचलणाऱ्यांत ७ टक्के जणींना सूज आली, न उचलणाऱ्यांत २२ टक्के. यातली अट मात्र महत्त्वाची आहे. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि सूज असलेल्यांनी बाही घालून. पाण्याची भरलेली घागर पहाटे हिसका देऊन कमरेवर घेणं यात बसत नाही.

तुम्ही पायांपासून सुरू करा, त्याला कुणाची परवानगी घेत बसायला नको, फक्त वर सांगितलेल्या तपासण्या झाल्या असाव्यात. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तितक्याच वेळा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. हाताचे व्यायाम मात्र बांगडीचा उलगडा झाल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून: भिंतीवर तळहात टेकून भिंत ढकलणं, मग अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून पुढे. योग आवडत असेल तर तोही चालेल. टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर योगाची मोठी चाचणी केली आहे. फक्त या रुग्णांना शिकवायचा अनुभव असलेल्याकडेच शिका. सगळा भार हातांवर येणारी आसनं आणि हाडं ठिसूळ असतील तर खोल पुढे वाकणं सध्या नको.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येते. घरकाम पुरत नाही का?

घरकामाला हालचाल म्हणून किंमत आहे, ती शून्य नाही. पण ते मात्रेत घेता येत नाही. १० मिनिटांवर थांबता येत नाही, थकलात त्या दिवशी निम्मं करता येत नाही, पाहुणे आले की दुप्पट होतं. शिवाय त्यात एकाच जागी उभं राहणं जास्त आणि छातीचा ठोका थोडा वेळ सलग वाढेल असं चालणं कमी. त्यातून थकवा जमा होतो, ताकद होत नाही. तुमच्या दिवसाची बेरीज मी मांडून पाहिली. त्यात आणखी अर्धा तास घालायचा तर काहीतरी वजा करावंच लागेल. नुसती बेरीज सांगणारा सल्ला तुमच्या दहा हजारवाल्या मैत्रिणीनेही दिलाय.

आणि इथे मला तुमच्या घरच्यांबद्दल थोडं तिखट बोलायचं आहे. ते 'आराम कर' म्हणतात ते प्रेमाने, यात शंका नाही. पण तुमच्या पत्रात त्यांनी तुमच्या हातातलं एकही काम काढून घेतल्याचं लिहिलेलं नाही. चालायला जाऊ नको म्हणतात, नोकरी सोड म्हणतात, म्हणजे जे तुमचं स्वतःचं आहे ते सोडायचं. पाणी, डबे, भाकऱ्या, कपडे जागच्या जागी. हा कसला आराम! मला वाटतं, त्यांच्या हे लक्षातही आलेलं नसेल. तेव्हा रुसून नाही, वहीतला आकडा दाखवून सांगा. आणि सांगताना 'मला मदत करा' असं मोघम नको, कारण मोघम मदत कुणीच करत नाही. असं म्हणा: "सोमवार ते शुक्रवार मी शाळेतून साडेसहाला येणार. कुकर तोवर लागलेला पाहिजे. पाणी सकाळी तुम्ही भरायचं. भाकऱ्या बाहेरून येतील." तालुक्याच्या गावांत आता बचत गटाच्या बायका भाकऱ्या करून देतात, चौकशी करा. बाहेरची भाकरी सासूबाईंना आवडणार नाही, दोन-तीन आठवडे कुरकुर होईल, ती होऊ द्या. कपड्यांना मशीन घ्या किंवा बाई लावा. पुण्याच्या मुलाला फोनवर "काळजी घे आई" म्हणण्याऐवजी त्या बाईचा पगार पाठवायला सांगा. कमावता आहे, जमेल त्याला.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज सध्या कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. थकवा ज्या गोष्टींनी कमी होऊ शकतो त्यातली एकही अजून करून पाहिलेली नाही, आणि अर्ज मंजूर झाला की सहसा परत फिरता येत नाही. घरी बसलात की आराम मिळेल हेही गृहीतच आहे. मला तर वाटतं, दिवसभर घरी असलेल्या बाईच्या वाट्याला उरलेली कामंही येतील. तपासण्या करा, तीन महिने व्यायाम करा, मग विचार करा. तोवर मुख्याध्यापकांशी बोला: वर्ग तळमजल्यावर, लागोपाठ चार तास नकोत, शेवटचा तास शक्यतो मोकळा, फळ्यावर लिहायला एखाद्या मुलाला उभं करायचं. मार्क भरायचं काम सकाळच्या ताज्या डोक्याने करा आणि यादी एकदा सहकाऱ्याकडून वाचून घ्या. अगदीच जमत नसेल तर वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा, अर्धपगारी रजा हे पर्याय राजीनाम्याच्या आधी येतात. तुमच्या खात्यात किती शिल्लक आहेत ते शाळेच्या क्लार्कला विचारा. आणि तीन महिन्यांनीही शाळा झेपत नाही असं तुम्हाला, तुम्हालाच, वाटलं, तर निवृत्ती घेण्यात कमीपणा नाही.

झोपेचं थोडक्यात: दुपारी झोपायचंच असेल तर २०-३० मिनिटं, चारच्या आत. रात्री वाफांनी जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत, पण या आजारात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत म्हणून परस्पर काही घेऊ नका. जेवणात डाळ, दूध-दही, चालत असेल तर अंडं, हे रोज असू द्या. स्नायू बांधायला तेच लागतं, आणि सगळ्यांना वाढून उरलेल्यावर भागवणाऱ्या बाईच्या ताटातून आधी तेच गायब होतं.

ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांनाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त मात्रा आणखी लहान: घरातल्या घरात दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत गर्दीच्या जिममध्ये किंवा सार्वजनिक पोहण्याच्या तलावात जायचं नाही, अंगण बरं. आजार हाडांत गेलेला असेल तर वजन उचलणं, वाकणं, वळणं याआधी डॉक्टरांना नेमकी जागा विचारायची आणि तिथे ताण येणार नाही असेच व्यायाम शिकून घ्यायचे. अशा बायकांनाही चालणं सहसा बंद नसतं, पण हे प्रत्येकीचं वेगळं असतं, सदर वाचून ठरवू नये.

वहीची पानं अशी आखा: तारीख, मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळचा थकवा, महिन्यातून एकदा हाताचे घेर. पुढच्या फॉलो-अपला ती टेबलावर ठेवा. "थोडं चालत जा" म्हणणाऱ्या डॉक्टरांना समोर आकडे दिसले की उत्तरही आकड्यांत मिळण्याची शक्यता वाढते.